गाडी मोठी, गल्ली अरुंद: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात छोट्या सीएनजी गाड्यांबद्दल लिहिलं होतं आणि पत्रं मात्र सगळी मोठ्या गाड्यांची आली. कुणाला घ्यायचीये, कुणाला घरच्यांना थांबवायचंय, कुणाला रस्त्यावर त्या नकोच आहेत. म्हणून हे पान पूर्ण त्यांनाच देतोय.

आम्ही लालबागला रिडेव्हलपमेंटच्या नवीन बिल्डिंगमध्ये राहतो. मिस्टरांचं डिझेल फॉर्च्युनर घ्यायचं चाललंय, फोर बाय फोरच (चारही चाकांना ताकद जाणारी) हवी म्हणतात. त्यांचं ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), रोज गाडीने जाणार. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही सावंतवाडीला जातो. पार्किंग स्टॅकचं (गाडीवर गाडी चढवायचं) आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी नको म्हणते म्हणून घरात सगळे माझ्यावर नाराज. तुम्ही सांगा. (एक वाचक, लालबाग)

ताई, मिस्टरांना ती गाडी का हवीये ते मला पूर्ण कळतं. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० एनएम टॉर्क, म्हणजे घरची सगळी माणसं आणि गणपतीचं सामान भरून घाट चढताना जो निवांतपणा असतो तो छोट्या गाडीत मिळत नाही आणि मुंबई-गोवा हायवे वर्षानुवर्षं ज्या अवस्थेत आहे त्यावर खड्डा दिसला की पोटात गोळा येत नाही हे पण मोठं सुख आहे. मला ही गाडी मनापासून आवडते. पण ती सावंतवाडीला वर्षातून दोनदा जाणार आणि लालबागला रोज राहणार, तर आधी लालबागचं बघूया.

आज संध्याकाळी मोजपट्टी घेऊन खाली जा. गाडी ४७९५ मिमी लांब आणि १८५५ मिमी रुंद आहे, आरसे सोडून. मुंबईच्या डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, छोट्या गाडीची जागा २.३ बाय ४.५ मीटर धरलीये आणि मोठीची २.५ बाय ५.५. तुमच्या अलॉटमेंट लेटरमध्ये छोटी जागा असेल तर गाडी जवळजवळ एक फूट बाहेर येणार आणि दोन्ही बाजूंना मिळून दीड फूट पण उरत नाही, म्हणजे दार उघडून उतरायचं कसं हाच प्रश्न. स्टॅकमध्ये तर त्याहून कडक हिशोब असतो. प्रत्येक स्टॅकवर एक प्लेट लावलेली असते, किती किलो आणि किती उंची ते त्यावर लिहिलेलं असतं, तिचा फोटो काढा. बऱ्याच ठिकाणी काही पॅलेट (गाडी ठेवायचे ट्रे) फक्त सेडानच्या उंचीचे असतात आणि फॉर्च्युनर १८३५ मिमी उंच, वजनाला दोन टनांच्या वर. प्लेटवर २००० किलो लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला, ऑपरेटर दादा "चालतंय साहेब, चढवा" म्हणाले तरी चढवायची नाही, खाली दुसऱ्याची गाडी असते आणि कधी माणूस पण असतो.

आता रोजचं बीकेसी. याबद्दल शोरूममध्ये कुणी आपणहून बोलत नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, त्यासाठी सायलेन्सरकडे जाणारा धूर खूप तापायला हवा आणि तो तापतो गाडी सलग वेगात काही वेळ चालली तर. लालबाग ते बीकेसी म्हणजे परळ, दादर, सायन, कलानगर, प्रत्येक सिग्नलला थांबा, फर्स्ट सेकंड फर्स्ट सेकंड. काजळी जमतच राहते, मग दिवा लागतो, मग गाडी ताकद कमी करते, मग वर्कशॉप. गाडीत काही दोष नसतो, ती या कामासाठी बनलेलीच नाहीये. दर आठ-दहा दिवसांनी तिला अटल सेतूवर किंवा एक्स्प्रेसवेला मोकळं पळवून आणणार असतील तर ठीक, पण मग तो वेळ आणि डिझेल पण हिशोबात धरा.

पैशाचं थोडक्यात. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात १५ टक्के रोड टॅक्स आहे, चाळीस लाखांची गाडी धरली तर नुसता टॅक्स सहा लाख. टायर अठरा इंची, २६५ रुंदीचे, चार एकदम बदलायची वेळ येते तेव्हा खर्च चांगलाच जाणवतो.

आणि सासूबाई. उंच फ्रेमच्या गाडीत चढताना साइड स्टेपवर एक पाय टाकला की सगळं वजन एका गुडघ्यावर येतं, उतरताना तर जास्तच त्रास. टेस्ट ड्राइव्हला त्यांना न्या आणि दोनदा चढ-उतार करायला लावा. घरात जो वाद महिनाभर मिटत नाही तो तिथे पाच मिनिटांत मिटतो असं मी बऱ्याच घरांत बघितलंय.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, तुमच्या घराला क्रेटा-सेल्टॉस साइजची पेट्रोल गाडी पुरेल, क्रेटा ४३३० मिमी आहे म्हणजे छोट्या जागेत बसते (उंची मात्र तिची पण प्लेटशी ताडून बघा), आणि गणपतीला फॉर्च्युनर किंवा इनोव्हा भाड्याने घ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे कायदेशीर सेल्फ ड्राइव्ह. पांढऱ्या पाटीची "ओळखीतली" गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. मिस्टरांना हे पान वाचायला द्या. त्यांना गप्प करायला लिहिलेलं नाहीये, हौस खोटी आहे असं मी कुठेच म्हणत नाहीये.

मी ठाण्याला राहतो, वय २६, ऑफिस लोअर परळ. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० बाइक घ्यायचं कॉलेजपासूनचं स्वप्न आहे. आई म्हणते रोज वापरणार असशील तरच घे, नाहीतर पैसे वाया. रोज नेली तर जमेल का? (एक वाचक, ठाणे)

मित्रा, आईचं वाक्य उलटं केलंस तर उत्तर बरोबर येतं. रोज वापरणार असशील तर घेऊ नको.

मुंबईत मोठ्या बाइकचं खरं दुखणं मायलेज किंवा मेंटेनन्स नाहीये, दुखणं हे की जे रस्ते तिच्यासाठी बनवल्यासारखे वाटतात ते सगळे दुचाकीला बंद आहेत. ईस्टर्न फ्रीवे बंद. सी लिंक २००९ पासून बंद. जेजे फ्लायओव्हर बंद. कोस्टल रोड मार्च २०२४ ला सुरू झाला, बंद. अटल सेतू, जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून, बंद. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे बंद, समृद्धी बंद. म्हणजे ८०० सीसीची साधी अल्टो जिथे जाऊ शकते तिथे तुझी ४७ पीएसची बाइक जाऊ शकत नाही आणि तुझ्या वाट्याला येतं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेचं ट्रॅफिक, मग सायन, मग दादर. हा नियम बरोबर की चूक यावर वेगळं लिहीन, मला तरी सरसकट बंदी पटत नाही, पण आज तू बाइक घेतोयस तर आजचा नियम धरूनच घ्यावी लागेल.

त्यात गरमी. ६४८ सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं, हवा लागली तर थंड होणार ना? सायन सर्कलला ऑक्टोबरमध्ये हवा कुठून आणायची. क्लच हलका दिलाय त्यांनी, ते चांगलं केलंय, पण दोनशे किलोच्या वरची बाइक दर दहा फुटांवर पायाने सावरत न्यायची म्हणजे ऑफिसला पोचेपर्यंत माणूस अर्धा संपतो. पार्किंगमधून मागे ढकलताना उतार असेल तर एकट्याने सांभाळून.

सरकारचं गणित पण बदललंय. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या बाइकला, ज्यांना आधी सेस धरून ३१ लागायचा, आता ४०. थर्ड पार्टी इन्शुरन्स २०२२ ला ठरलेल्या दराने १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये आणि ३५० च्या वर २८०४. म्हणजे ३४९ सीसीची रॉयल एनफिल्ड क्लासिक आणि तुझी ६५० यांच्यातली दरी बरीच वाढलीये, आणि हे तुला माहीत असूनही ६५० च हवी असेल तर ती खरी आवड आहे असं मी धरतो.

आता ज्यासाठी घ्यायची ते. रविवारी पहाटे ठाण्याहून निघून मुरबाडमार्गे माळशेज, किंवा शहापूर करत कसारा घाट, पावसाळा नुकताच संपलेला, रस्ता सुकलेला, आणि ते ट्विन चौथ्या-पाचव्या गिअरला एका लयीत वाजतंय. त्या दोन तासांसाठी लोक वर्षभर ईएमआय भरतात आणि मी त्यांना वेडे म्हणणार नाही. ठाणे ते परळ लोकल आहे, फर्स्ट क्लासचा पास काढ, ऑफिसला ट्रेनने जा. मुंबईत गैरसोयीचं वाहन परवडतं ते त्यालाच ज्याचं पोट त्या वाहनावर अवलंबून नाही, आणि लोकलने हे स्वातंत्र्य तुला दिलंय, दुसऱ्या शहरातल्या पोराला ते मिळत नाही. आईला असं सांग की बाइक रोजची नाही म्हणून टिकेल, टायर टिकेल, आणि तू पण टिकशील.

एक गोष्ट मला फार लागते म्हणून सांगतोच. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स एकच, १०० सीसी स्प्लेंडरला जे तेच १३४० सीसीच्या हायाबुसाला. कायदा तुला टप्प्याटप्प्याने शिकवत नाही, ते तुलाच करायचंय. आत्तापर्यंत ११०-१२५ सीसी चालवली असशील तर वर्षभर कुणाची तरी ३५० वापर, मोकळ्या मैदानात जोरात ब्रेक मारायची सवय कर, मग ६५०. आणि सायलेन्सर बदलू नको. कंपनीचा जो आहे तो छान वाजतो, बाहेरचा लावलास तर पोलीस पकडतील ते नंतर, आधी तुझ्या बिल्डिंगमधली तान्ही मुलं आणि आजारी माणसं पहाटे पाचला उठतील.

आमच्या कुर्ल्याला दरवर्षी पाणी भरतं. उंच गाडी घेतली तर पावसात अडकायचं टेन्शन जाईल ना? (एक वाचक, कुर्ला)

थोडं कमी होईल, जाणार नाही. महिंद्राच्या थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर, आणि ते स्थिर पाण्यात, हळू, खाली रस्ता आहे हे माहीत असताना. कुर्ल्याच्या पाण्याखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात एल्फिन्स्टनजवळ उघड्या मॅनहोलमध्ये एक नावाजलेले डॉक्टर वाहून गेले, चालत घरी निघाले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा बंद गाड्यांमध्ये गुदमरून माणसं गेली, दारं उघडेनात. बाहेर पाणी चढलं की दारावर इतका दाब येतो की आतून ढकलता येत नाही, आणि गाडी कितीही जड असली तरी ठरावीक पाण्यानंतर तरंगायला लागते, मग स्टीअरिंग, फोर बाय फोर कशाचाच उपयोग नाही.

इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करायची नाही, ढकला, टो करा, काहीही करा. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घ्या, साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत.

आणि अजून एक, कळकळीने. पाण्यातून मोठी गाडी वेगात नेली की मागे लाट उठते, ती तळमजल्याच्या घरांत आणि दुकानांत शिरते. लोकांनी उंबऱ्याला फळी लावून, गोणपाट टाकून जे अडवलेलं असतं ते एका गाडीत वाहून जातं. गाडी जाऊ शकते म्हणून न्यायची असं नाही.

मी पार्ल्यात राहते, मुलीला रोज चालत शाळेत सोडते, ती पहिलीत आहे. फुटपाथवर गाड्या, रस्त्यावर गाड्या, आणि आता सगळ्या इतक्या उंच की ड्रायव्हरला माझी मुलगी दिसते की नाही हेच कळत नाही. तुम्ही या गाड्यांचं कौतुक करता. यांच्यावर बंदी का नको? (एक वाचक, विलेपार्ले)

ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि मी ती कमी करून सांगणार नाही. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी, गाड्यांच्या सुरक्षेचा अभ्यास करते. त्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मांडलं की ज्या गाडीचा बॉनेट चाळीस इंचांपेक्षा उंच असतो तिच्या धडकेत पायी चालणारा दगावण्याची शक्यता, तीस इंच किंवा त्याहून खालचा उतरता बॉनेट असलेल्या गाडीच्या मानाने, साधारण ४५ टक्क्यांनी जास्त असते. कारण सोपं आहे, कमी उंचीची गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो, उंच गाडी थेट छातीला किंवा डोक्याला लागते. चाळीस इंच म्हणजे शंभर सेंटिमीटरच्या थोडं वर, चार वर्षांचं मूल तेवढंच असतं. तुमची मुलगी त्याहून थोडीशीच उंच.

बंदी मात्र मी मागणार नाही, कारण डोंगराळ गावात, शेतावर, खराब रस्त्यावर या गाड्या लोकांच्या उपयोगाच्या आहेत. मला हवंय ते असं की मोठी गाडी घेणाऱ्याने तिचा भार स्वतः उचलावा, तो तुमच्या मुलीवर टाकू नये. पार्किंगचा पुरावा नसेल तर नवी गाडी नोंदवायची नाही असं परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ च्या मे महिन्यात जाहीर केलं होतं, तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. फुटपाथ हा पार्किंगचा पुरावा होत नाही. आणि पुढे लोखंडी बुल बार लावलेली गाडी दिसली तर तक्रार करा, केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच ते बेकायदेशीर असल्याचं राज्यांना कळवलंय. तो बार माणसाला जास्त जोरात मारतो आणि कधीकधी एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा पण आणतो.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी: पुढचा कॅमेरा असेल तर चालू ठेवा, नसेल तर बाहेरून बसवून घ्या. शाळेच्या गेटसमोर गाडी घुसवू नका, शंभर पावलं आधी थांबून मुलाला चालत न्या. सोसायटीतून निघताना गाडीच्या पुढून एकदा चालत जा आणि मगच आत बसा.

थार घ्यायचीये, तीन दारांची की पाच दारांची रॉक्स? आम्ही दोघंच, बोरिवलीला. (एक वाचक, बोरिवली)

दोघंच असाल तर तीन दारांची, आणि मुंबईत ती पण रिअर व्हील ड्राइव्ह १.५ डिझेल. ती ३९८५ मिमी आहे, चार मीटरच्या आत, आणि डिझेल इंजिन दीड लिटरच्या आत, म्हणून जीएसटी १८ टक्के. तीच गाडी २.२ डिझेल फोर बाय फोर घेतली की ४०. रॉक्स ४४२८ मिमी, इंजिन कुठलंही घ्या, ४०. फोर बाय फोरचा लो रेंज गिअर (चिखलात, खड्या चढावर हळू पण जोरात ओढणारा) बोरिवलीत तुम्ही कधीच लावणार नाही, आणि कोकणात जाऊन किनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवायचा विचार असेल तर तो सोडा, भरतीत अडकते आणि पोलीस केस होते ती वेगळी.

मात्र मागच्या सीटवर आई-बाबा बसणार असतील तर माझं उत्तर बदलतं. तीन दारांच्या थारमध्ये पुढची सीट वाकवून मागे शिरावं लागतं, साठीच्या माणसाला ते जमत नाही, आणि सगळ्या सीटवर माणसं असली की डिकीत दोन पिशव्या पण नीट बसत नाहीत. मग रॉक्स, किंवा सरळ दुसरी कुठली गाडी.

वडिलांची एमएम ५४० जीप आहे, २४ वर्षं जुनी. ते गेल्यावर्षी गेले. गिरगावात चाळीबाहेर उभी आहे, महिन्यातून एकदा स्टार्ट करतो. बायको म्हणते विका. मन होत नाही. (एक वाचक, गिरगाव)

काका, विकू नका, पण गिरगावातून हलवा. तुमचं गाव असेल तर गावाला, नाहीतर पनवेल-कर्जतकडे कुणा नातेवाइकाच्या अंगणात, वर छप्पर असलेलं हवं. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहिलेली जीप खालून गंजत जाते आणि चेसिस गेली की मग ठेवायला काही उरत नाही. आणि चाळीच्या बोळात अग्निशमनची गाडी यायची वेळ आली तर तुमच्या वडिलांची जीप आडवी असावी असं तुम्हालाही वाटणार नाही.

कागद आधी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते, गाडी तपासणीला न्यावी लागते, वर पर्यावरण कर. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारची फी १०,००० झालीये. आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही, इन्शुरन्स पण नाही. व्हिंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना मिळते, तुमच्या जीपला अजून बराच वेळ आहे.

महिंद्राने विलीज या अमेरिकन जीपची जुळणी चाळीसच्या दशकाच्या शेवटी आपल्या माझगावातच सुरू केली, तुमची ५४० त्याच घराण्यातली. साधं डिझेल इंजिन, त्यात कॉम्प्युटर नाही, गावातला मेकॅनिक पण उघडून दुरुस्त करू शकतो, म्हणून अशी गाडी अजून वीस वर्षं सहज चालते. महिन्यातून एकदा जागेवर स्टार्ट करून बंद करू नका, त्याने ऑइलमध्ये ओल राहते. चांगली गरम होईपर्यंत चार-पाच किलोमीटर चालवून आणा. उभी ठेवताना डिझेलची टाकी भरलेली ठेवा म्हणजे आतून गंज धरत नाही, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात, त्यापेक्षा गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.